सेसना १७२ चं ऑइल टेम्परेचर दुपारी लाल रेषेला टेकून राहिलंय, गेज बदलला कूलर साफ केला, आता पुढे काय?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. नागपुरातलं एक ट्रेनिंगचं सेसना १७२, लायकोमिंग आयओ-३६० इंजिन, ओव्हरहॉल म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती होऊन परत बसवल्याला ७० तास झालेत. एप्रिलच्या दुपारी बाहेर ४२ सेल्सिअस असताना लेव्हल फ्लाइटमध्ये ऑइल टेम्परेचर २३५ फॅरनहाइट, रनवेभोवती सर्किट मारताना क्लाइंबमध्ये २४२, आणि लाल रेषा २४५ ला. सकाळी २७ अंशात हेच विमान २०५ दाखवतं. ऑइल प्रेशर ६० च्या आसपास, हलत नाही. इंजिन मॉनिटरवर चारही सिलेंडरचं सीएचटी, म्हणजे सिलेंडर हेडचं तापमान, नेहमीसारखं, कॉम्प्रेशन ८० पैकी ७५ च्या वर. गेज बदलला, गेजला तापमान कळवणारा सेंडर बदलला, ऑइल थंड करणारा कूलर एअर गनने साफ केला, डब्ल्यू १०० काढून डब्ल्यू १२० ऑइल भरलं, काहीच फरक नाही. हँगरमधलं दुसरं १७२ त्याच दुपारी २१० वर असतं. आणि वरचे लोक म्हणतात नागपूरचं ऊन आहे, एवढं तर होणारच.

भाऊ, पहिले तर तुमचं कौतुक, कारण तुम्ही आकडे दिलेत. नाहीतर बहुतेक जण "लय गरम होऊन राहिलंय" एवढंच सांगतात आणि मग आपण अंधारात चाचपडत बसतो. तुमच्या या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे, ते कसं ते सांगतो.

ऑइल टेम्परेचरचा नुसता आकडा बघू नका, तो बाहेरच्या हवेच्या किती वर आहे ते बघा. ४२ सेल्सिअस म्हणजे १०८ फॅरनहाइट, २३५ मधून १०८ गेले, १२७ उरले. सकाळचे २७ म्हणजे ८१, २०५ मधून ८१ गेले, १२४ उरले. म्हणजे तुमचं विमान सकाळीही तेवढंच आजारी आहे जेवढं दुपारी, सकाळी फक्त लाल रेषा लांब असते म्हणून कोणाला दिसत नाही. आता शेजारचं विमान घ्या, २१० मधून १०८ गेले, १०२. तेच मॉडेल, तेच ऊन, तोच रनवे, तेच विद्यार्थी, आणि दोघांत २५ अंशांचा फरक. हा २५ चा फरक उन्हाचा असूच शकत नाही, ऊन दोघांवर सारखंच पडतं. वरच्या लोकांना हीच वजाबाकी कागदावर मांडून दाखवा, वाद घालायची गरज पडणार नाही. फक्त बाहेरचं तापमान विमानाच्या ओएटी प्रोबवरचं, म्हणजे बाहेरची हवा मोजणाऱ्या सेन्सरवरचं, घ्या आणि त्याच उंचीवरचं घ्या, पेपरात आलेलं नको.

हे गणित का चालतं तेही समजून घ्या. लायकोमिंगमध्ये व्हर्नाथर्म नावाचा एक छोटा वाल्व असतो, थर्मोस्टॅटच म्हणा. ऑइल थंड असताना तो ऑइलला कूलर टाळून सरळ इंजिनात जायची वाट मोकळी ठेवतो, आणि ऑइल १८५ फॅरनहाइटच्या आसपास पोचलं की लांब होऊन आपल्या सीटवर बसतो, ती वाट बंद करतो, मग सगळं ऑइल कूलरमधूनच जातं. त्याच्या खाली तो टेम्परेचर सांभाळतो, बाहेर थोडं कमीजास्त झालं तरी सुई जागची हलत नाही. पण एकदा का तो पूर्ण बंद झाला की त्याच्या हातात काही राहत नाही, मग बाहेर एक अंश वाढला की ऑइलचाही साधारण एकच अंश वाढतो. तुमचं शेजारचं विमान सकाळी १८० च्या आसपास असेल बघा, कारण तिथे व्हर्नाथर्म सांभाळून राहिला आहे. तुमचं सकाळीच त्याच्या पलीकडे गेलेलं असतं.

उन्हाबद्दलही थोडं बोलतो, कारण तो मुद्दा अगदी खोटा नाही. या छोट्या विमानांच्या सर्टिफिकेशनमध्ये कूलिंग दाखवावं लागायचं ते समुद्रसपाटीला किमान १०० फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसच्या दिवसासाठी, आणि दर हजार फुटाला ३.६ फॅरनहाइट कमी धरून. सोनेगावचा आपला एअरपोर्ट हजार फुटांच्या थोडा वर आहे, म्हणजे इथे तो गरम दिवस ३६ चाच होतो. आपण मे महिन्यात ४५ मध्ये उडवतो. म्हणजे कंपनीने जेवढं किमान सिद्ध करायचं होतं त्याच्या ९ सेल्सिअस, १६ फॅरनहाइट पुढे जाऊन आपली पोरं सर्किट मारतात. म्हणून नागपुरात कूलिंगमध्ये छोटीशी ढिलाईसुद्धा लगेच लाल रेषेवर जाऊन बसते, तेच विमान बंगलोरला दहा वर्षं कुरकुर न करता उडेल. ऊन दोष निर्माण करत नाही, असलेला दोष उघडा पाडतं. नवतपा लागायच्या आत हे काम संपवा, नाहीतर २५ मे नंतर हे विमान दुपारी ग्राउंडच ठेवावं लागेल.

आता शोधायचं कसं. ऑइल गरम दिसायची कारणं चारच, एकतर गेज खोटं बोलतोय, किंवा इंजिन जास्त उष्णता तयार करतंय, किंवा कूलरमधून पुरेसं ऑइल जात नाही, किंवा कूलरवरून पुरेशी हवा जात नाही. पार्ट बदलायच्या आधी यातलं कोणतं ते ठरवायचं. तुम्ही गेज आणि सेंडर दोन्ही बदललेत, पण बदलल्यावर तपासलेत का? नवीन पार्ट म्हणजे बरोबर पार्ट असं नसतं. इलेक्ट्रिक किटलीत पाणी उकळा, नागपूरच्या उंचीवर पाणी ९९ सेल्सिअसला उकळतं म्हणजे साधारण २१० फॅरनहाइट, सेंडर त्यात धरा आणि सेंडरच्या बॉडीपासून इंजिनला एक जंपर वायर लावा, नाहीतर अर्थिंग मिळणार नाही आणि तुम्ही उगाच सेंडरला दोष द्याल. कॉकपिटमध्ये कोणीतरी बसवून सुई वाचायला सांगा. २१० च्या जवळ आली तर गेज खरं बोलतोय. आणखी एक, उडताना लँडिंग लाइट लावून बघा. लाइट लावल्यालावल्या सुई सरकली तर ते ऑइल नाही, वायरिंग आहे, कारण पाचसहा लिटर ऑइल एका सेकंदात गरम होत नसतं. बहुतेक तुमचा गेज ठीकच निघेल, सकाळ-दुपारचा हिशोब इतका जुळतो म्हणजे गेज प्रामाणिक आहे. पण हे अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका, म्हणजे पुढे मनात किंतू राहत नाही.

इंजिनच जास्त उष्णता करतंय का, हा दुसरा प्रश्न. ओव्हरहॉलनंतर सुरुवातीला रिंग बसेपर्यंत ऑइल थोडं गरम राहतं, पण ७० तासांनी ते संपलेलं असायला पाहिजे. रिंगमधून गॅस खाली येत असेल तर तो सरळ ऑइललाच भाजतो, मग ऑइल दहा-पंधरा तासांतच काळं होतं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल पडतं, पोटाखाली तेलकट पट्टा येतो. तुमचं कॉम्प्रेशन चांगलं आहे, तरी कॉम्प्रेशनची डिफरेन्शियल टेस्ट करताना ऑइल फिलरला कान लावून फुसफुस येते का ऐका. टायमिंग पुढे गेलं असेल किंवा मिक्स्चर फुल पॉवरला लीन असेल तर आधी सीएचटी ओरडतं, आणि ते तुमच्याकडे गप्प आहे. तरी मॅग्नेटो टायमिंग डेटा प्लेटवर लिहिलंय तेवढंच आहे ना, एकदा बघून घ्या, ओव्हरहॉल होऊन आलेल्या इंजिनावर हे मी कधीच गृहीत धरत नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा, पुढच्या फ्लाइटच्या आधी. ऑइल फिल्टर काढा, कटरने कापा, हॅकसॉने नाही कारण हॅकसॉचाच कीस आत पडतो आणि मग तो कुठला हे कळत नाही. कागदाची घडी उलगडा, उन्हात धरा, हळूहळू वाकवत बघा. चमकणारे कण दिसले तर मॅग्नेट फिरवा. बेअरिंग घासत असेल तर तीही ऑइल गरम करते, आणि ते कारण असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून विमान उभं करायचं. प्रेशर स्थिर आहे म्हणून मला ती भीती कमी वाटते, पण भीती कमी वाटणं आणि बघून खात्री करणं यात फरक आहे.

आता मुख्य गोष्टीवर येतो. सीएचटी नॉर्मल, कॉम्प्रेशन चांगलं, प्रेशर चांगलं, फक्त ऑइल गरम. म्हणजे इंजिनला हवा मिळतेय, सिलेंडर थंड होतायत, गडबड कूलरच्या आसपास आहे. एकतर कूलरमध्ये ऑइल जात नाही, नाहीतर कूलरवर हवा जात नाही. हे दोन वेगळे करायची एक सोपी पद्धत आहे आणि लोक ती का वापरत नाहीत मला कळत नाही. टेम्परेचरचे स्टिकर मिळतात, जास्तीत जास्त जेवढं तापमान झालं त्या आकड्यापर्यंत त्यांचे चौकोन काळे होतात आणि काळेच राहतात. एक स्टिकर कूलरमध्ये ऑइल जातं त्या फिटिंगवर, एक बाहेर येतं त्या फिटिंगवर. फिटिंग आधी सॉल्व्हंटने नीट पुसा, तेलकट जागेवर स्टिकर टिकत नाही. तुमच्या सर्टिफाय करणाऱ्या इंजिनिअरला सांगून, टेक लॉगमध्ये लिहून लावा. मग दुपारची एक फ्लाइट करा, लेव्हलमध्ये वीस मिनिटं स्थिर ठेवायला सांगा, गेजचा सगळ्यात मोठा आकडा पायलटला लिहून घ्यायला सांगा. इन्फ्रारेड गनने खाली आल्यावर मापू नका. काउलिंग उघडेपर्यंत सगळं एकसारखं होऊन जातं, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर ती गन तसंही चुकीचं सांगते.

आता हे तीन आकडे कसे वाचायचे ते बघा. या इंजिनात गेजचा सेंडर कूलरच्या नंतर असतो, ऑइल फिल्टरच्या जवळ, म्हणजे तो इंजिनात परत जाणारं ऑइल मोजतो. व्हर्नाथर्म नीट बंद झालेला असेल तर सगळं ऑइल कूलरमधूनच आलेलं असतं, मग कूलरच्या बाहेरचा स्टिकर आणि गेज यांचा आकडा जवळजवळ एकच यायला पाहिजे. समजा बाहेरचा स्टिकर १९० म्हणतोय आणि गेज २३५. मधले ४५ अंश आले कुठून? वाटेत गरम ऑइल मिसळलं. म्हणजे ऑइलचा एक हिस्सा कूलरमध्ये गेलाच नाही, चोरवाटेने सरळ इंजिनात आला. कूलर बिचारा त्याच्याकडे आलेलं थोडं ऑइल भरपूर थंड करून देतोय, पण बाकीचं त्याच्या दारातच येत नाही. तसं असेल तर व्हर्नाथर्म किंवा त्याची सीट, नाहीतर कूलर आतून चोंदलेला, कारण कूलर चोंदला की प्रेशरने तोच वाल्व ढकलला जातो आणि ऑइल बायपास होतं. इंजिन उपाशी मरू नये म्हणून ती सोय आहे.

आणि उलट, बाहेरचा स्टिकर आणि गेज दोन्ही २३५, आत जाणारा २४० किंवा २४५, म्हणजे ऑइल सगळं कूलरमधून फिरून येतंय पण थंड होतच नाहीये. तसं असेल तर कूलरला हवा नाही. चांगल्या १७२ वर मला आत-बाहेर फॅरनहाइटचे वीस ते चाळीस अंश दिसत आलेत, तुमच्या शेजारच्या विमानालाही दोन स्टिकर लावा, म्हणजे घरचाच मापदंड मिळेल.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या केसमध्ये व्हर्नाथर्म. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी असंच एक १७२ माझ्याकडे आलं, ओव्हरहॉल झालेलं इंजिन, मे महिना. आमच्या आधी दोन जणांनी हात लावला होता, नवा कूलर बसवला होता, गेज बदलला होता, बॅफलला, म्हणजे हवा वळवणाऱ्या पत्र्यांना, आरटीव्ही सिलिकॉन फासला होता. मी व्हर्नाथर्म काढला, बाहेरून एकदम नवा. पातेल्यात पाणी घेतलं, सेफ्टी वायरने तो लटकवला, बुडाला लागू दिला नाही कारण बूड पाण्यापेक्षा गरम असतं, बाजूला थर्मामीटर, आणि हळूहळू गरम केलं. ८५ सेल्सिअसच्या आसपास तो व्यवस्थित लांब झाला, स्टोअरमधल्या नव्याशी लांबी ताडली, बरोबर. म्हणजे वाल्व चांगला. बहुतेक जण इथेच थांबतात आणि तोच परत बसवतात. मी त्याच्या शंकूसारख्या तोंडाला निळा डाय अगदी पातळ लावला, तो गरम असतानाच हाऊसिंगमधल्या सीटवर हलका दाबला आणि काढून टॉर्च मारला. सीटवर निळ्याचं पूर्ण गोल वर्तुळ उमटायला पाहिजे होतं. उमटली चंद्रकोर. एका बाजूला जवळजवळ पाव घेर कोराच, आणि नखाने चाचपलं तर तिथे बारीक खड्डा लागत होता. वाल्व रोज सीटवर बसत होता, पण त्या पाव घेरातून ऑइल निसटत होतं, आणि नवा कूलर फुकट बसला होता. हाऊसिंग शॉपला पाठवून सीट दुरुस्त करून घेतली, नवा व्हर्नाथर्म, नवी गॅस्केट, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच टॉर्क, सेफ्टी वायर. त्याच आठवड्यात, तशाच दुपारी, सुई २१५ च्या पुढे गेली नाही. ती सुई बघून मला जे वाटलं ते अजून आठवतं, कारण त्या विमानावर रोज सहा पोरं शिकत होती.

म्हणून व्हर्नाथर्म काढाल तेव्हा तीन गोष्टी बघा, तो गरम झाल्यावर पूर्ण लांब होतो का, त्याचा क्रिंप केलेला नट हलतोय का कारण तो सैल झालेले व्हर्नाथर्म सापडलेत, आणि सीटवर वर्तुळ पूर्ण उमटतं का. तिसरी गोष्टच सगळे विसरतात. आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये आणि लायकोमिंगच्या बुलेटिनमध्ये जे आकडे दिलेत तेच अंतिम धरा, माझं हे लिहिलेलं त्याच्या जागी नाही.

सीट चांगली निघाली तर कूलर काढा. ओव्हरहॉल झालं इंजिनचं, कूलरचं झालं का? बरेचदा जुनाच कूलर परत बसवतात. आधीच्या इंजिनाने आत काय काय सोडलंय कोणाला माहीत, गाळ असतो, आणि जर मागचं इंजिन मेटल करून, म्हणजे आत घासून धातूचे कण सोडून, गेलं असेल तर तो कूलर नव्या इंजिनाला लावणं म्हणजे जुनं दुखणं नव्या घरात आणणं, तो बदलायचाच. होजही बघा. जुन्या रबर होजचं आतलं अस्तर सुटतं आणि पापुद्र्यासारखं फडफडतं, बाहेरून होज एकदम चांगला, आत मात्र रस्ता अर्धा बंद. होज काढून एका टोकाने टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकाने बघा.

आता हवेची बाजू. तुम्ही लिहिलंय कूलर एअर गनने साफ केला. समोरून मारलीत का मागून? समोरून मारली तर कचरा अजून आत ठासला गेला असेल. आपल्याकडे एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटतात, तो कापूस हवेत तरंगत असतो, आणि कूलरच्या फिनवर ऑइलचा थोडा जरी ओलावा असेल तर तो कापूस चिकटतो, त्यावर धूळ बसते आणि नमदा तयार होतो. समोरून बघितलं तर वरवर स्वच्छ, आत नमदा. तो काढायचा म्हणजे सॉल्व्हंटने भिजवून ठेवायचं, मग मागून पुढे, हवा येते त्याच्या उलट दिशेने, कमी प्रेशरने धुवायचं. जोरात मारलं तर फिन दुमडतात, मग हवा आणखीच अडते. शेवटी अंधारात मागून टॉर्च लावा, प्रत्येक खणातून उजेड आला पाहिजे. काही विमानांत कूलर बॅफललाच लावलेला असतो, काहींत बाजूला असतो आणि स्कॅट होजने, म्हणजे लवचिक नळीने, हवा येते. तो होज फाटलाय का, दबलाय का, क्लॅम्प निसटलाय का, हात आत घालून चाचपा, नुसतं डोळ्यांनी कळत नाही.

आणि बॅफल सील. हे नागपूरकराला समजावणं सोपं आहे. खिडकीत कूलर बसवला आणि बाजूच्या फटी तशाच ठेवल्या तर कूलर कितीही मोठा असो, थंड हवा परत बाहेर जाते, म्हणून आपण पोतं, थर्माकोल काय मिळेल ते त्या फटींत कोंबतो. इंजिनवर तेच काम सिलिकॉनचे सील करतात. समोरून आलेली हवा वरच्या बाजूला दाबून धरायची आणि फक्त सिलेंडरच्या आणि कूलरच्या फिनमधूनच खाली जाऊ द्यायची. सीलची कड आत आणि पुढे वळलेली पाहिजे, म्हणजे हवेचा दाब आला की ती काउलिंगला चिकटते. उलटी वळली तर तोच दाब तिला उघडतो. काउलिंग काढल्यावर आतून बघा, सील जिथे नीट घासतो तिथे एक सलग काळपट चकचकीत पट्टा दिसतो. तो पट्टा जिथे तुटतो तिथून हवा पळते. तुमचं सीएचटी नॉर्मल आहे म्हणून मोठी फट नसेल, पण कूलरच्या तोंडाजवळची दोन बोटांची फट सीएचटीला कळतही नाही आणि ऑइलला मारून टाकते. इंजिन उतरवून चढवताना बॅफल सगळे सुटे झाले होते, हे लक्षात ठेवा.

ऑइलच्या ग्रेडबद्दल. डब्ल्यू १२०, म्हणजे ६० ग्रेडचं ऑइल, भरलंत ते चुकीचं नाही, लायकोमिंग ८० फॅरनहाइटच्या वरच्या सरासरी हवेला ६० ग्रेड चालवते. पण जाड ऑइल ऑइलला थंड करत नाही, ते गरम झाल्यावर पातळ कमी होतं एवढंच, म्हणजे परिणाम सांभाळतं, कारण तसंच राहतं. लेव्हलकडे लक्ष द्या. या इंजिनाचं संप, म्हणजे खालची ऑइलची टाकी, ८ क्वार्टचं, ५ च्या खाली उडवायचंच नाही, पण उन्हाळ्यात ट्रेनिंगच्या विमानात मी ५ वरही सोडणार नाही. ऑइल कमी असलं की तेवढंच ऑइल जास्त वेळा फेऱ्या मारतं आणि संपमध्ये निवायला त्याला वेळ मिळत नाही. ८ पर्यंत भरलं तर बरेचदा वरचं ब्रीदरमधून उडून जातं, त्यामुळे तुमचं विमान जिथे स्थिर राहतं ती लेव्हल शोधा आणि रोज तिथेच ठेवा.

दुरुस्ती होईपर्यंत विमान उडणारच असेल तर इन्स्ट्रक्टरशी बोला, हे फार महत्त्वाचं आहे. दुपारी सलग टच अँड गो, म्हणजे उतरून न थांबता लगेच परत उडणं, बंद. प्रत्येक सर्किटमध्ये फुल पॉवर आणि कमी स्पीड, आणि कूलरला निवायला डाउनविंडची दोनच मिनिटं. ४५ मध्ये आपली डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, पाच हजार फुटांच्या आसपास जाते, क्लाइंब रेंगाळतो, तेवढा वेळ इंजिन फुल पॉवरवर. ७४ नॉट बेस्ट रेट, म्हणजे सगळ्यात लवकर उंची मिळवायचा स्पीड, आहे, पण अडथळे पार झाल्यावर ८० ते ८५ वर नाक खाली ठेवून चढा, उंची हळू मिळेल पण कूलरला हवा मिळेल. मोठ्या विमानांच्या मागे होल्डिंग पॉइंटवर थांबावं लागतं तेव्हा शक्य असेल तर नाक वाऱ्याकडे करा, रनअप, म्हणजे उडायच्या आधीची इंजिनची चाचणी, लांबवू नका. आणि सकाळी सहा ते नऊची वेळ या विमानाला द्या, दुपारची दुसऱ्याला.

पोरांना एक गोष्ट पाठ करून ठेवायला सांगा. ऑइल टेम्परेचर वर आणि प्रेशर जागेवर, म्हणजे नाक खाली, स्पीड वाढवा, मिक्स्चर रिच, पॉवर कमी, आणि परत या. टेम्परेचर वर आणि प्रेशर खाली येतंय, म्हणजे कारण शोधत बसू नका, इंजिन कधीही बंद पडू शकतं, पॉवर कमी करा आणि उतरायला शेत बघायला लागा. हा फरक मी प्रत्येक बॅचला स्वतः सांगतो, विमानाखाली उभं राहून, कारण वर्गात सांगितलेलं तिथे आठवत नाही.

आणि तुमचे वरचे लोक २४५ च्या आत आहे ना मग काय झालं असं म्हणाले तर त्यांना सांगा, २४५ ही मर्यादा आहे, रोज राहायची जागा नाही. लायकोमिंगला हवं असतं १८० च्या आसपास. २३५ ला रोज राहिलेलं ऑइल लवकर जळतं, गाळ धरतं, तो व्हाल्व गाइडमध्ये बसतो, आणि पुढच्या वर्षी एका थंड सकाळी व्हाल्व अडकतो, तेव्हा कोणाला या उन्हाळ्याची आठवण होत नाही. दुरुस्ती होईपर्यंत ५० तासांची वाट न बघता २५ ला ऑइल बदला.

तर क्रम असा ठेवा, आज फिल्टर, उद्या किटली आणि लँडिंग लाइट, परवा स्टिकर. स्टिकरचे दोन आकडे आणि गेजचा आकडा, तिन्ही एकाच फ्लाइटचे, हातात आले की व्हर्नाथर्म काढायचा की कूलर धुवायचा ते आपोआप ठरेल. काम झाल्यावर पहिली फ्लाइट सकाळी करा, दुसरी दुपारी, आणि दोन्हींची वजाबाकी टेक लॉगमध्ये लिहा, शेजारच्या विमानाच्या १०२ च्या जवळ आली पाहिजे. काउलिंग लावताना मात्र घाई करू नका, वरचं काउलिंग बसवल्यावर समोरच्या तोंडातून हात घालून कूलरजवळचा सील बोटांनी चाचपा, स्क्रू आवळताना तो तिथेच दुमडतो.